काळ्या रानातलं टर्फ कोर्ट: परसात मैदान बसवताना

टर्फवाल्याला, म्हणजे कृत्रिम हिरवळ बसवून देणाऱ्याला, फोन करण्याआधी आपल्या परसातली जमीन मे महिन्यात कशी असते ते आठवा. पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडत असतील आणि मृगाच्या पावसानंतर त्याच भेगा मिटून चपलेला किलोकिलो चिखल चिकटत असेल, तर तुमची जमीन भारी काळी आहे. परभणी, नांदेड, हिंगोली आणि जालना-बीडचा गोदाकाठ, सगळीकडं हेच रान. बालाघाटाच्या माथ्यावर, आष्टी-पाटोद्याकडं फूटभर खणलं की मुरूम लागत असेल, तर तुमचं काम बरंच सोपं आहे. तुम्ही खेळाचा आणि टर्फ अंथरण्याचा भाग वाचला तरी भागेल.

भारी जमिनीवाल्यांनी मात्र एक गोष्ट आधीच मनाशी धरावी. वरचा हिरवा गालिचा कुणीही दोन दिवसांत अंथरून देतो. कोर्ट सपाट राहील की नाही, हे त्याच्या खालची दोन फूट ठरवतात. आणि त्या दोन फुटांचं काय होणार, हे पाणी कुठून शिरतं नि कुठून निघतं यावर ठरतं. काळ्या मातीशी मारामारी करून कुणी जिंकत नाही. तिच्यातला ओलावा वर्षभर सारखा ठेवता आला की ती गप्प बसते.

कृत्रिम हिरवळच का, खरी का नको, हा प्रश्न आपल्याकडं फार वेळ टिकत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात खेळण्यापुरती हिरवळ रोज भिजवत बसणं परवडतही नाही आणि बरंही दिसत नाही.

माती हलते म्हणजे काय होतं

आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, पाणी गेलं की आकसतं. सगळी जमीन सारखी फुगली आणि सारखी आकसली असती तर कोर्ट अख्खंच वरखाली झालं असतं, कुणाला कळलंही नसतं. तसं होत नाही. मधला भाग झाकलेला असल्यानं तिथली ओल टिकते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. म्हणून कोर्ट नेहमी कडेनं बिघडतं. त्यात आपला पाऊस असा की जुलै-ऑगस्टमध्ये तीन-तीन आठवड्यांचा खंड, आणि परतीच्या पावसात एका रात्रीत सगळी कसर भरून निघते. एकाच हंगामात माती दोन-तीनदा फुगते नि आकसते.

माती किती फुगते हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे, तिला मुक्त फुगवटा चाचणी म्हणतात. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती एका मापाच्या काचनळीत डिस्टिल्ड पाण्यात टाकायची, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींची उंची बघायची. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपट झाली तर फुगवटा ५० टक्के, दुप्पट झाली तर १०० टक्के. पन्नासच्या वर गेलात की पुढं सांगितलेलं सगळं जसंच्या तसं करायचं, काटकसर नको. रॉकेल आता शोधूनही मिळत नाही, त्यामुळे बांधकाम साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दोन किलो माती दिलेली बरी. नमुना वरचा पालापाचोळा काढून दीड-दोन फूट खोलीवरून घ्या.

खेळ आधी, माप नंतर

बहुतेक लोक आधी टर्फ पसंत करतात आणि मग त्यावर काय खेळायचं ते ठरवतात. हे उलटं आहे. व्हॉलीबॉलचं मैदान १८ × ९ मीटर, भोवती निदान ३ मीटर मोकळी जागा, म्हणजे २४ × १५ मीटर लागतात. परसात एवढं क्वचितच मिळतं. बॅडमिंटन आणि पिकलबॉल (छोट्या बॅटनं खेळायचा टेनिससारखा खेळ) या दोन्हींचं कोर्ट ४४ × २० फूट. भोवतीची जागा धरून ६० × ३० फूट पुरे. उघड्यावर बॅडमिंटन मात्र हौसेपुरतंच, कारण संध्याकाळचा वारा फूल जागेवर ठेवत नाही. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, त्यामुळे ६० फुटांत पोरांचं बॉक्स क्रिकेटच बसेल. कबड्डीसाठी टर्फ घालू नका. गुडघे-कोपरं सोलून निघतात, कबड्डीला माती किंवा मॅटच चांगली.

टर्फच्या पात्याची उंची खेळावर ठरते. क्रिकेटच्या पट्टीला ९ ते १२ मिलिमीटर, टेनिस-पिकलबॉलसारख्या टप्प्याच्या खेळाला १५ ते २० मिलिमीटर आणि वर वाळू, फुटबॉल नि बॉक्स क्रिकेटला ४० ते ५० मिलिमीटर आणि त्यात वाळू-रबरदाणे. लांब पात्यावर पिकलबॉलचा चेंडू उठतच नाही. एकाच कोर्टवर सगळं हवं असेल तर आखूड पातं घ्या, पोरांचा फुटबॉल त्यावरही चालतो. पुढचा सगळा हिशेब ६० × ३० फुटांचा धरला आहे.

जागा

कडुनिंब, पिंपळ, वड कोर्टच्या शेजारी नको. झाड जेवढं उंच, साधारण तेवढं अंतर ठेवा. उन्हाळ्यात मुळं मातीतली ओल ओढून घेतात आणि तो कोपरा खचतो. शोषखड्डा, न्हाणीचं सांडपाणी, टाकी भरून वाहते ती जागा, यांपासूनही लांब. घराच्या भिंतीला लागून खोदकाम करायचं नाही, आणि कोर्टचा उतार घराच्या पायाकडं तर अजिबात नको.

तासावर भाड्यानं द्यायचा विचार असेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत आणि तलाठ्याकडं आधी विचारून घ्या. शेतजमिनीवर धंदा करायचा म्हटलं की जमिनीच्या अकृषिक वापराचा प्रश्न येतो.

कधी खोदायचं

दिवाळी ते संक्रांत. तेव्हा जमीन वाफशावर असते, म्हणजे मुठीत दाबली तर गोळा होतो आणि टाकला तर फुटतो. मे महिन्यात जेसीबी स्वस्तात मिळतो म्हणून लोक तेव्हा काम काढतात. मेची माती पूर्ण आकसलेली असते. तिच्यावर भराव टाकून झाकलं की पहिल्या ओलीबरोबर ती खालून वर येते. उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर खोदलेला तळ पाण्यानं भरून भेगा मिटू द्या, मग वाफसा यायची वाट बघून पुढचं काम धरा. टँकरचं पाणी या कामाला घालणं जिवावर येतं, हे खरं.

आखणी आणि खोदाई

चार खुंट्या, सूत आणि लेव्हलची नळी. काटकोन काढायला एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, आणि तिरपं अंतर ५ फूट भरलं पाहिजे. मोठ्या आखणीला ९-१२-१५ घेतलं तर चूक कमी होते.

कोर्टच्या चारी बाजूंना ३-३ फूट जास्त धरा, म्हणजे खोदाई ६६ × ३६ फुटांची. खोली १४ इंच. यातून साधारण २८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघते, आणि मोकळी झाल्यावर ती ३५ ब्रासच्या आसपास फुगते. ती टाकायला जागा आधी बघा. हलक्या रानाचा शेतकरी ही माती आनंदानं नेतो, नुसतं सांगायचा अवकाश.

खोदताना लव्हाळा आणि हराळी दिसली तर गाठी वेचून काढा. लव्हाळ्याचा कोंब प्लास्टिकचा कागदसुद्धा भोसकून वर येतो. दीड फूट भरावातून तो सहसा येत नाही, पण कडेनं नक्की येतो.

तळाला लांबीच्या किंवा रुंदीच्या एकाच दिशेनं, शंभराला एक असा उतार द्या. ३० फूट रुंदीला तो साडेतीन इंचांच्या वर भरतो. मग तळ वाफशावर असतानाच रोलर फिरवा. रोलरखाली माती लाटेसारखी हलत असेल तर ती अजून ओली आहे. थांबा.

भराव: सगळा खेळ इथं आहे

भारी जमिनीत खड्डा करून त्यात नुसती खडी भरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. टर्फमधून पाणी खाली जातं, खडीतून तळापर्यंत पोहोचतं, आणि भोवतीच्या काळ्या मातीतून त्याला बाहेर पडायला वाटच नसते. तुम्ही पैसे देऊन एक हौद बांधलेला असतो, वर हिरवं झाकण. म्हणून इथं कोर्ट जमिनीच्या वर काढायचं. वाड्याच्या जोत्याचा हाच विचार होता.

थर खालून वर असे येतात.

दाबलेल्या तळावर न विणलेलं, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचं जिओटेक्स्टाइल कापड. त्यामुळे पावसाळ्यात काळी माती मुरमात वर घुसत नाही आणि मुरूम खाली रुतत नाही. जोडावर फूटभर एकावर एक चढवा.

त्यावर १८ इंच मुरूम. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण एकसंध बसणाऱ्या मातीचा जाड थर दिला की खालचा फुगवटा दबतो, हे मुंबईच्या आयआयटीत डॉ. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर केलेल्या कामातून पुढं आलं, आणि कालव्यांच्या कामांत ते वापरलं गेलं. तिथं थर मीटरभर जाडीचा असतो. कालव्याचं अस्तर तडकू नये म्हणून तेवढा लागतो. आपलं कोर्ट लवचिक आहे, त्याला दीड फुटानं भागतं. मुरूम निवडताना मूठभर ओला करून बोटांत चोळा. बुळबुळीत लागला, बोटाला फासला गेला, तर त्यात माती जास्त आहे, ट्रॉली परत पाठवा. तांबूस, खरखरीत, थोडा बांधून येणारा मुरूम हवा. आणि रॉयल्टीची पावती, वाहतुकीचा पास मागून घ्या. मुरूम गौण खनिज आहे, पासाशिवाय आलेल्या गाडीचं झंझट तुमच्या दारात यायला नको.

मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे चार इंचच दबतात. सहा-सहा इंचांचे थर टाका, पाणी शिंपडा, प्रत्येक थर दाबा. गावात रोलर मिळत नसेल तर प्लेट कॉम्पॅक्टर भाड्यानं आणा, मग थर चार इंचांचेच. कोपऱ्यांत हातानं धुम्मस मारा. ६६ × ३६ वर दीड फूट म्हणजे दाबलेला ३६ ब्रास. दाबताना पाऊण हिश्शावर येतो, म्हणून मागवायचा ४८ च्या आसपास. गाडीवाला ब्रास मोजतो तेव्हा फाळक्याची उंची तुम्हीही टेपानं मोजा, संकोच करू नका.

मुरूम झाला की तो भोवतीच्या जमिनीच्या चार इंच वर आलेला असेल. आता त्यावर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद. हा थर बरेच ठेकेदार वगळतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वरून आलेलं पाणी इथंच अडतं आणि उतारानं बाजूला जातं, खालचा मुरूम नि काळी माती पावसाळ्यातही जवळपास तशीच राहते. कागदाच्या कडा भरावाच्या बाहेरच्या अंगाला तीन फूट खोल अरुंद चर घेऊन त्यात उभ्या सोडा आणि चर मुरमानं बुजवा. या उभ्या पडद्यामुळे उन्हाळ्यात कडेची माती वाळली तरी कोर्टखालची ओल बाजूनं ओढली जात नाही. घूसही बाहेरच्या बाहेर थांबते, निदान बराच काळ.

कागद खडीनं फाटू नये म्हणून वर पुन्हा जिओटेक्स्टाइल. त्यावर ६ इंच खडी, खाली २० मिलिमीटरची आणि वर १० मिलिमीटरची. उताराच्या खालच्या कडेला, कागदाच्या वरच, चार इंची छिद्राचा पाइप कापडात गुंडाळून ठेवा आणि त्याचं तोंड नालीत काढा. नालीचा तळ पाइपापेक्षा खाली आहे की नाही हे लेव्हलच्या नळीनं तपासा. डोळ्यानं सपाट जमिनीवर हमखास फसगत होते. खडी ६० × ३० वर ९ ब्रास बसते, मागवा ११.

शेवटी २ इंच कच, म्हणजे क्रशरवरची बारीक दाण्याची खडी. क्रशरवरची पिठासारखी डस्ट नको, ती बसली की पाणी सोडत नाही. हाताला कण लागणारी कच घ्या, ४ ब्रास पुरे. पाणी शिंपडून दाबा आणि दहा फुटी सरळ पट्टी आडवी-उभी-तिरपी फिरवा. पट्टीखाली पाव इंचाहून जास्त फट दिसली तर तिथं खरवडून पुन्हा भरा. टर्फ आखूड असेल तर खालची प्रत्येक चूक वर दिसते.

आता काँक्रीटबद्दल. चार इंची कोबा टाकून त्यावर टर्फ चिकटवा, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. काळ्या रानात पातळ कोबा दोन-तीन पावसाळ्यांत तडकतो आणि एक तुकडा दुसऱ्यापेक्षा वर येतो. तो दुरुस्त करायचा तर फोडावाच लागतो. खडी-कचीचा थर बिघडला तर टर्फ गुंडाळा, कच भरा, दाबा, पुन्हा अंथरा. ही सोय काँक्रीटमध्ये नाही.

कडा आणि खांब

कोर्टच्या कडेला तयार कर्ब ब्लॉक लावा, दोन-तीन फुटी तुकड्यांत. विटांची भिंत तडकते, तुकडे मात्र हलले तर उचलून पुन्हा बसवता येतात. कर्बच्या बाहेर उरलेल्या तीन फूट भरावावर पेव्हर किंवा शहाबादी फरशी, उतार बाहेरच्या बाजूला. छताचं किंवा अंगणाचं पाणी इथं येऊ द्यायचं नाही. हौसेनं एका बाजूला फुलझाडं लावून ठिबक सोडलं की तीच बाजू फुगते.

जाळीचे आणि दिव्यांचे खांब या भरावात उभे करू नका. त्यांचा पाया वेगळा, भेगा जिथपर्यंत जातात त्याच्या खाली गेलेला हवा. उंच जाळीसाठी खाली कंदासारखा फुगीर केलेला खांबपाया चांगला. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं तो काळ्या मातीसाठीच विकसित केला, आणि बोअर मारणाऱ्यांकडं तसं हत्यार मिळतं. हे काम स्थापत्य अभियंत्याकडूनच आखून घ्या. वादळी वाऱ्यात तीस फुटांची जाळी अंगावर येणं हा थट्टेचा विषय नाही.

टर्फ अंथरणं

गुंडाळ्या आदल्या दिवशी उन्हात उलगडून ठेवा, सुरकुत्या निघतात. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत. एक पट्टी उलटी पडली तर तिचा रंग वेगळा दिसतो आणि तो नंतर बदलत नाही. कापताना पाठीमागून, दोन टाक्यांच्या ओळींमधून कापा, पातं कापलं जात नाही.

शिवणीत दोन कडांमधली फट टाक्यांच्या दोन ओळींमध्ये असते तेवढीच. खाली जोडपट्टी, तिच्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन गोंद. सकाळी करा. दुपारी बेचाळीस अंशांत गोंद पसरायच्या आधीच घट्ट होतो. पाती गोंदात अडकू देऊ नका, आणि जोडावर वजन ठेवून रात्रभर कुणालाही चालू देऊ नका. टर्फ ताणून बसवायचा नाही, कडेला कर्बलगत बसवून तिथंच अडकवायचा. तळाला सबंध चिकटवू नका, कधीतरी तो उचलावा लागणार आहे.

मग वाळू. धुतलेली, वाळलेली, गोल कणांची सिलिका वाळूच. नदीची वाळू मातकट असते, आणि ती आणायची भानगड वेगळीच. एकदम न ओतता पातळ थर टाका, कडक झाडूनं पात्यांत घाला, पुन्हा टाका. किती किलो लागते हे टर्फच्या कागदावर लिहिलेलं असतं. त्यात कसर केली तर पाती वर्षभरात आडवी होतात.

वापरताना

एप्रिल-मेमध्ये दुपारी टर्फचा पृष्ठभाग हवेपेक्षा खूपच तापतो, अनवाणी पाय ठेववत नाही. पाणी शिंपडून तो थोडा वेळच गार राहतो. सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर खेळा, किंवा वर शेडनेट घाला. उन्हाळी वावटळीत शेतातली काळी धूळ येऊन पात्यांत बसते आणि पहिल्या पावसात तिचा लगदा होऊन टर्फची पाणी जायची भोकं बुजतात. म्हणून मृगाच्या आधी एकदा नीट झाडून काढाच, शक्य असेल तर ब्लोअरनं.

पहिल्या पावसाळ्यात मोठी सर येऊन गेली की तासाभरानं दोन गोष्टी बघा: पाइपातून पाणी निघतंय का, आणि कोर्टवर कुठं तळं राहिलंय का. पाइप कोरडा आणि कोर्ट ओलं, म्हणजे कच बुजली आहे. पाइप वाहतोय आणि एकाच जागी तळं, म्हणजे तिथं खच आहे. तिथं खूण करून ठेवा. दुरुस्तीला दिवाळीपर्यंत हात लावू नका. ओल्या मातीवर केलेली लेव्हल जमीन वाफशावर आली की बदलते. मग जवळची शिवण उघडा, कच भरा, धुम्मस मारा आणि नव्या जोडपट्टीनं शिवण बंद करा.